अग्रशाळेतील एक पाटी

गेल्या चैत्रात आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा भरली होती. सभामंडपाच्या छपराची दुरुस्ती, पालखीच्या नव्या दांड्याचा खर्च, अग्रशाळेतील गळके नळ हे नेहमीचे विषय आटोपल्यावर मी एक लहानसा ठराव मांडला. अग्रशाळेच्या ओसरीवर, जेथे महाप्रसादाच्या वेळा व पंचांगाचे पान लावलेले असते, तेथे हातभर लांबीची एक पाटी लावावी, एवढीच माझी मागणी होती. पाटीवर चार ओळी. मनाचा भार एकट्याने सोसवेनासा झाला तर जाणत्याचा सल्ला मिळू शकतो, ही पहिली. दुसरीत 'टेली-मानस' ह्या सरकारी विनामूल्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक, १४४१६. तिसरीत बांबोळीच्या मनोविकार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागाचे नाव. आणि चौथी अशी की, पहिली वेळ ठरवण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांना देवस्थानच्या कार्यालयातील फोन वापरता येईल. फोन लावून देणारा मनुष्य खोलीबाहेर जाऊन उभा राहील.

ठराव मतास गेलाच नाही. ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे असे एक वयोवृद्ध महाजन उठले आणि म्हणाले, "देवळांत पिशांची पाटी कित्याक रे?" सभेत हशा पिकला. दुसऱ्या एका गृहस्थांनी गंभीरपणे शंका काढली की, उद्या सोयरीक जुळवताना लोक म्हणतील, ह्या देवाच्या कुळाव्यांतच काही तरी आहे, म्हणून तर पाटी लावावी लागली. तिसरे गृहस्थ तरुण व पदवीधर. त्यांनी विचारले की, देवाचा कौल असताना ह्या नव्या कौलाची गरज काय? अध्यक्षांनी 'पुढच्या सभेत पाहू' असा निकाल दिला, आणि ह्या तीन शब्दांचा अर्थ देवस्थानच्या कारभाराशी परिचय असलेल्या वाचकांना सांगावयास नको.

पुढची सभा तुळशीच्या लग्नानंतर आहे. न्यायालयात प्रतिपक्षाच्या दाव्यास जे लेखी उत्तर द्यावयाचे असते त्यास कैफियत म्हणतात. प्रस्तुत लेख ही माझी कैफियत समजावी.

प्रथम अब्रूचा प्रश्न घेतो, कारण बाकीचे सारे आक्षेप त्याच्याच आडोशाला उभे आहेत. माझ्या कार्यालयात एक प्रश्न वरचेवर येतो, आणि तो नेहमी मुख्य काम संपल्यावर, कागद पिशवीत भरता भरता, दाराकडे तोंड करून विचारला जातो. "वकीलसाहेब, तसल्या डॉक्टरकडे नाव घातले तर ते कुठे नोंदले जाते का?" विचारणारा कधी मुलीचे लग्न ठरत आलेला बाप असतो, कधी बढतीच्या वाटेवरचा बँकेतील नोकर. एकदा एक विधवा बाई होत्या. राहत्या घराचा दिरांशी वाद चालला होता आणि आपण झोपेच्या तक्रारीसाठी कोणाकडे गेलो तर 'वहिनीचे डोके ठिकाणावर नाही' असे दीर न्यायालयात सांगतील, ही त्यांची धास्ती. (ओळख पटू नये म्हणून तपशील मी बदलले आहेत.) ह्या माणसांना उपचाराची भीती नाही, खर्चाचीही फारशी नाही. त्यांना भीती आहे ती नोंदीची. पहिली वेळ घेतली की आपण कायद्याच्या नजरेत वेडे ठरलो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

ही समजूत सर्वथा चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे हे ठासून सांगणे वकिलाचे काम आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ चा 'लूनसी ॲक्ट' होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने माणसाला वेड्यांच्या इस्पितळात धाडता येई. गोव्यात त्या वेळी तो कायदा नव्हता, पण त्याची दहशत बेळगावहून घाट उतरून इकडेही आली. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला, आणि तोही जाऊन संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा केला. तो २०१८ पासून अंमलात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्यास मानसिक आजार आहे असे ठरले तरी तेवढ्यावरून तो मनुष्य विकल मनाचा आहे असे मानता येणार नाही. तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजार आहे असेही अनुमान काढता येत नाही. ह्या कायद्यात नोंदवह्या आहेत त्या उपचार करणाऱ्या संस्थांच्या व व्यावसायिकांच्या. सल्ला घेण्यास येणाऱ्यांची यादी सरकारदरबारी ठेवावी असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

आणि त्या विधवा बाईंच्या धास्तीविषयी म्हणाल, तर तिला उत्तर द्यावयास २०१७ चा कायदाही नको. १८७२ च्या करार कायद्याच्या बाराव्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले आहे. वेड्यांच्या इस्पितळात असलेला रुग्ण मधून मधून शुद्धीवर येत असेल, तर त्या शुद्धीच्या काळात तो करार करू शकतो. दीडशे वर्षांपूर्वीचा साहेब इस्पितळात कोंडलेल्या माणसाला एवढा अधिकार देत होता. आणि आम्ही मात्र झोप येत नाही म्हणून आठवड्यातून एक तास कोणाशी बोलावयास जाणाऱ्या बाईच्या सहीवर संशय घेतो.

ज्या घरात कोणी जीव देण्याची भाषा बोलतो तेथे तर ही कायद्याची भीती फारच घातक ठरते, कारण घरचे लोक इस्पितळाआधी पोलिसांचा विचार करतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की, २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशा मनुष्यास तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंडसंहितेचे जुने ३०९ वे कलम राहिलेलेच नाही. अशा प्रसंगी पुढच्या आठवड्याची वेळ घेत बसू नये. त्याच दिवशी त्याला एकटे न सोडता इस्पितळ गाठावे. १४४१६ वर रात्रीही माणूस बोलतो.

आता लग्नाकडे येतो, आणि येथे मला माझ्याच व्यवसायाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका घटस्फोटाच्या कामात, मी नवऱ्याच्या बाजूने उभा होतो. उलटतपासणीत मी त्या बाईंसमोर एक चिठी धरली आणि विचारले, "अमुक तारखेला आपण मानसोपचारासाठी गेला होता, हे खरे ना?" त्या म्हणाल्या, "हो. झोप येत नव्हती." मी न्यायाधीशांकडे पाहून 'आणखी प्रश्न नाहीत' असे म्हटले आणि मोठ्या समाधानाने खाली बसलो. कायदेशीरदृष्ट्या त्या प्रश्नाची किंमत फुटकी कवडी होती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. गोव्याबाहेरच्या आपल्या समाजाला, म्हणजे बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या वाचकांना लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवले आहे की, आजाराला नुसते नाव चिकटवून भागत नाही. आजार इतक्या तीव्रतेचा असला पाहिजे की, त्या जोडीदाराबरोबर नांदण्याची अपेक्षा करणेच अवाजवी ठरावे. गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे, पण झोपेची एक चिठी तेथेही कोणाचा संसार मोडण्यास पुरत नाही. मग मी तो प्रश्न का विचारला? कारण मागच्या बाकांवर दोन्हीकडचे नातेवाईक बसले होते, आणि प्रश्न न्यायाधीशांसाठी नव्हता, त्या बाकांसाठी होता. ते काम पुढे तडजोडीने मिटले. त्या दिवशी त्या बाकांवर बसलेल्या किती आयांनी मनाशी ठरवले असेल की, काही झाले तरी आपल्या मुलीला असल्या ठिकाणी पाठवावयाचे नाही, ह्याचा हिशेब माझ्याकडे नाही. त्या प्रश्नाची मला आज लाज वाटते. सभेत ज्यांनी सोयरिकीची शंका काढली त्यांच्यावर मी रागावत नाही, ह्याचे कारण हेच. त्यांच्या शंकेला मीच एके काळी खतपाणी घातले आहे.

गुप्ततेविषयी म्हणतात, "बंद खोलीत आपले घरचे दुःख परक्याला सांगायचे?" ह्या आक्षेपाचे मला सर्वाधिक नवल वाटते, कारण तो देवळातील माणसे घेतात. आपल्या देवळात गाऱ्हाणे कसे घालतात ते आठवा. संकटात सापडलेला कुळावी चौकात हात जोडून उभा राहतो, आणि त्याच्या वतीने दुसरा मनुष्य खणखणीत आवाजात देवापुढे त्याचे नाव घेतो, घराणे सांगतो, मुलाला गुण नाही, भावाभावांत वितुष्ट आहे, सुनेच्या मनाला चैन नाही, हे सारे सांगतो. दर्शनाला आलेली परकी माणसे ऐकत असतात. घंटेच्या दोरीशी उभी असलेली पोरे ऐकत असतात. शतकानुशतके आपण आपले दुःख तिसऱ्या माणसाच्या मुखाने, चारचौघांसमोर, मोठ्याने सांगत आलो. त्यात कोणाची अब्रू गेली नाही. उलट गाऱ्हाणे घालून झाल्यावर त्या माणसाचे खांदे सैल झालेले मी लहानपणापासून पाहिले आहेत. मग दार लावून, हळू आवाजात, ज्याच्यावर कायद्याने गुप्ततेचे बंधन घातले आहे अशा माणसाशी बोलताना अब्रू कशी जाते?

हे बंधन पोकळ नाही. २०१७ च्या कायद्याचे २३ वे कलम रुग्णास गुप्ततेचा हक्क देते. अपवाद मोजके आहेत: दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या जिवास धोका, सार्वजनिक सुरक्षितता, न्यायालयाचा किंवा मंडळाचा आदेश, उपचारातील दुसरा वैद्य, आणि रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या वाचकांपैकी जे सोयरिकी जुळवतात त्यांच्यावर असले कोणतेही बंधन नाही, हे मी केवळ नोंदवून ठेवतो.

तिसरा आक्षेप देवाचा. मी स्वतः कौल घेणारा मनुष्य आहे. घर बांधताना घेतला, वडिलांच्या शस्त्रक्रियेआधीही घेतला. परंतु वडिलांच्या वेळी उजवी पाकळी पडल्यावर आम्ही शस्त्रक्रिया रद्द केली नाही. आम्ही निर्धास्त मनाने इस्पितळात गेलो. हाड मोडल्यावर कोणी देवासमोर बसून राहत नाही. मग मन मोडल्यावरच देवाला एकट्याने सारे निभावण्याचा आग्रह का? आणि ज्यांना परंपरेचा आधार हवा असेल त्यांनी चरकसंहिता उघडावी. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चरकाने औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, नवस, तीर्थयात्रा इत्यादींचे दैवव्यपाश्रय. आहार व औषधी द्रव्यांचे युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याचे तिसरे, सत्त्वावजय. मनाच्या विकारात काय करावे हे सांगताना त्याच अध्यायात त्या विद्येच्या जाणकारांकडे जाण्याचा स्पष्ट निर्देश आहे. तिन्ही प्रकार एकाच आचार्याने एकाच ठिकाणी सांगितले. पहिला केला की तिसरा वर्ज्य, असे त्याने म्हटलेले नाही. आपण पहिला ठेवला, दुसऱ्यासाठी वैद्याकडे धावलो, आणि तिसरा विसरून गेलो. आता तो इंग्रजी नावाने परत आला तर आपल्याला परका वाटतो.

"मन घट्ट कर" हे चौथे अस्त्र सभेत कोणी उगारले नाही. ते घरात वापरावयाचे अस्त्र आहे. त्याबद्दल एकच सांगतो. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. हात थरथरणारा, अंगाचा दाह होणारा, बसकण मारणारा तो धनुर्धर कोणी दुबळा नव्हता. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनीही प्रथम त्याला हे तुला शोभत नाही, ऊठ, असेच सुनावले. त्याचा उपयोग झाला नाही. अर्जुन उठला नाही. आपली अवस्था त्याने आणखी एकदा सांगितली आणि मला समजावून दे अशी विनवणी केली. मग भगवंतांनी खडसावणे सोडले आणि पुढचे सतरा अध्याय त्याच्याशी संवाद केला. जे भगवंतांनी एकदा करून सोडून दिले ते आपण घरातल्या अर्जुनाला वर्षानुवर्षे ऐकवत बसतो.

एवढे लिहिल्यावर वाचक विचारतील की, ह्या वकिलाला इतका पुळका का? त्याचे उत्तर देणे मला भाग आहे, कारण ते टाळले तर वरचा सारा युक्तिवाद दुसऱ्यांसाठी केलेला ठरेल.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी मला कामात लक्ष लागेनासे झाले. दाव्याचे एकच पान मी तासभर वाचत असे. पहाटे तीनला जाग येई ती येईच. देवळात जात होतो, प्रदक्षिणा घालत होतो, चौकात बसत होतो. तेवढा वेळ बरे वाटे आणि पायऱ्या उतरताना पुन्हा छाती दाबल्यासारखी होई. एका डॉक्टर मित्राने एक क्रमांक लिहून दिला होता. तो डायरीच्या शेवटच्या पानावर चार महिने पडून होता. त्याआधी एका ठिकाणी मी चौकशीला प्रत्यक्ष गेलो होतो, तर खिडकीवरच्या मनुष्याने भर गर्दीत "कोण पेशंट? तुम्हीच का?" असे ओरडून विचारले आणि मी मागल्या पावली परतलो. पुढे फोन करावयाचे ठरवले तेव्हा तीनदा पहिल्या घंटेलाच मी तो ठेवून दिला. भर न्यायालयात तास तास बोलणारा मनुष्य मी. एक वाक्य बोलवेना. चौथ्या वेळी फोन उचलला गेला आणि माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे: "माझ्या एका पक्षकारासाठी वेळ हवी होती."

पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, पक्षकाराचे वय काय? मी माझे सांगितले. त्रास साधारण कधीपासून? झोप, जेवण कसे आहे? जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का? ह्याआधी कोठे दाखवले आहे का, काही औषधे चालू आहेत का? बोलणारी व्यक्ती पुरुष हवी की स्त्री, की कोणीही चालेल? नंतर त्यांनी फी सांगितली, यावयाचे रद्द झाल्यास आदल्या दिवशी कळवा म्हणाल्या. शेवटी विचारले, "पक्षकाराला कुठली भाषा सोयीची? कोंकणी, मराठी, इंग्लिश?" मी सारे काही मनात इंग्रजीत घोकून ठेवले होते, पण तोंडून आले, "कोंकणी." त्या म्हणाल्या, "मग शुक्रवारी साडेचारला पाठवा त्यांना. तुम्हीच आलात तरी चालेल." पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्याला मी चार महिने भीत होतो ते इतकेच होते.

शुक्रवारी मी मोटार बाजारात उभी करून दोन गल्ल्या चालत गेलो. प्रतीक्षेच्या खोलीत ओळखीचे दोन चेहरे होते. ते कोणाचे, हे मी सांगणार नाही. वर दिलेले कलम मला लागू नसले तरी. आत पन्नास मिनिटे झाली. समुपदेशन हा शब्द मला तेव्हापासून फसवा वाटतो, कारण त्यात उपदेश फार आहे आणि त्या पन्नास मिनिटांत मला कोणी उपदेश केला नाही. प्रश्न विचारले, मी काही उत्तरे दिली, काही टाळली, आणि टाळली म्हणून कोणी उलटतपासणी घेतली नाही. पहिल्या भेटीत सारे उघडे करावे लागते, ही आणखी एक खोटी भीती. वडिलांच्या शेवटच्या दिवसांविषयी मी सहाव्या भेटीत बोललो.

भाषेचा उल्लेख वर ओघात आला, पण तो दुय्यम नाही. पणजीच्या जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे; येता जाता आपण तो पाहतो. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला गेला. मनुष्य मोहनिद्रेत जातो तो मोहिनी घालणाऱ्याच्या अंगातील कोणत्याही चुंबकी द्रवामुळे नव्हे, तर त्याच्या स्वतःच्याच मनाच्या व्यापारामुळे, हे त्याने प्रयोग करून मांडले. त्याच्याविषयी एक गोष्ट गोव्यात पोराटोरांना ठाऊक आहे. लिस्बनला राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभा राहिला असता समोरचे दरबारी पाहून तरुण फारियाची वाचाच बसली. तेव्हा जवळच असलेल्या बापाने त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात कोंकणीत म्हटले की, ही सगळी भाजी आहे, "कातर रे भाजी." भीती गेली आणि प्रवचन सुरू झाले. गोष्ट घडली की रचली, ह्यात मी शिरत नाही. परंतु धास्तावलेल्या मनाला योग्य वेळी, आपल्या भाषेत, जवळच्या आवाजात सांगितलेले एक वाक्य काय करू शकते, हे गोमंतकीयाने जाणले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले, एवढे तरी तीवरून सिद्ध होते. पोर्तुगीज अमदानीत पणजीस निघालेल्या मनोरुग्णालयाला फारियाचेच नाव होते. बांबोळीची आजची संस्था त्याचीच वारस. तेव्हा ही 'बाहेरून आलेली थेरं' आहेत, असे निदान गोव्यात तरी कोणी म्हणू नये.

केवळ गोष्टीवर विसंबावयास नको. गोव्यातच झालेले प्रयोग आहेत. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने इथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक योजना चालवली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत, दर वेळी अर्धा-पाऊण तास, त्यांच्या भाषेत बोलून दिवसाचा विस्कटलेला क्रम पुन्हा बांधावयास मदत केली. २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. दहा आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. तीन महिन्यांनी, ज्यांना ह्या बैठका मिळाल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांचे. ही माणसे आपल्याच गावांतली होती, त्यांतली कित्येक आपल्याच देवळांतली असतील. आणि सीमेपलीकडील वाचकांसाठी सांगतो की, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली तीत मध्य प्रदेश व गुजरात होते. त्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे दिसले, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. जत्रेच्या रात्री आपल्या सभामंडपात जेवढी माणसे दाटीने उभी असतात, त्यांच्याकडे ह्या आकड्यांसह एकदा पाहावे.

प्रतिपक्षाला देण्यासारखे जे आहे ते मी देतो. ह्या क्षेत्रात भोंदू आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो व औषध देऊ शकतो; चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालील पुनर्वास परिषदेकडे असते; परंतु नुसते 'समुपदेशक' असे लिहिलेली पाटी आज कोणीही रंगवून घेतो, आणि तिच्याखाली रत्ने व वास्तुदोषही विकतो. अशा नोंदणी नसलेल्या माणसावर गुप्ततेचे ते कलम कितपत चालेल ह्याबद्दल न्यायालयात वाद होऊ शकेल. म्हणून फोनवरच विचारावे, शिक्षण काय, नोंदणी कोठे. सभ्य मनुष्य रागावत नाही. जो रागावतो त्याचे उत्तर तेथेच मिळाले. खासगी फी पुष्कळांना परवडत नाही, हेही खरे. कायद्याच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या बरोबरीने धरावयास लावले आहे, पण बाहेरच्या बाहेर घेतलेला सल्ला पुष्कळ पॉलिसींत बसत नाही. त्यासाठीच तर पाटीवर सरकारी इस्पितळ व २०२२ साली सुरू झालेली विनामूल्य सेवा लिहावयाची आहे. आणि पहिल्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा पाहावा; भटजींशी पटले नाही म्हणून कोणी देव सोडत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सभेत ठराव तोच आहे, शब्दही तेच. त्यात एक दुरुस्ती मी स्वतः सुचवणार आहे. आमच्या वयोवृद्ध महाजनांनी 'पिशांची पाटी' म्हटले तेव्हा मी गप्प बसलो होतो. ह्या वेळी मी सांगणार आहे की, त्या पाटीवरच्या दाराने आत गेलेला एक कुळावी आपल्यासमोर उभा आहे, गेली पंधरा वर्षे देवस्थानचे दावे चालवतो आहे, आणि त्याच्या सहीने दाखल झालेला एकही कागद आजवर कोणी वेड्याचा म्हणून परत केलेला नाही. पाटीचा लाकूड व रंगाचा खर्च मी भरीन. फोन लावून देऊन बाहेर उभा राहण्यासाठी दर सोमवारी संध्याकाळी आरतीनंतर तासभर मी कार्यालयात असेन. दुसऱ्या कोणास ते काम हवे असेल तर त्याने सभेपूर्वी सचिवांकडे नाव द्यावे.